‘योग्य उमेदवार आढळला नाही’ : सिडनहॅमच्या पाण्याच्या भांड्यापासून बिंदुनामावलीपर्यंत

विद्यापीठांतल्या प्राध्यापक भरतीचे निकाल ज्यांनी कधी नीट वाचले असतील त्यांना एक वाक्य पाठ असेल. खुल्या जागेपुढे निवड झालेल्याचे नाव असते. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, ओबीसी असे लिहिलेल्या जागेपुढे मात्र अनेकदा नावच नसते. तिथे ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ एवढेच छापलेले असते. इंग्रजीत ‘नॉट फाउंड सुटेबल’, उमेदवारांच्या बोलण्यात नुसते एनएफएस. खरे तर उमेदवार आलेले असतात. नेट किंवा सेट झालेले असतात, पुष्कळांची पीएचडी झालेली असते, छाननीत टिकून ते मुलाखतीच्या खोलीपर्यंत पोहोचलेले असतात. म्हणजे पात्रता कागदावर सिद्ध झालेली आहे आणि तरीही ‘योग्यता’ सापडत नाही. ही योग्यता कशात असते? माणसात की संस्थेत? आणि ती मोजणाऱ्याची योग्यता कोण मोजतो?

समाजशास्त्राचा विद्यार्थी असताना या प्रश्नाचे जे उत्तर अभ्यासात मिळाले ते अर्धवट वाटले होते, पण ते टाकून देण्यासारखेही नाही. माणूस आणि त्याची कामाची जागा यांची जुळणी किती आहे, संस्था त्याला पाठबळ किती देते आणि यातून त्याचे काम कसे होते, यावर जगभर ढीगभर संशोधन झाले आहे. १९८६ साली अमेरिकेत रॉबर्ट आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले की, ‘ही संस्था माझ्या कामाची किंमत करते का, तिला माझी काळजी आहे का’ याबद्दल नोकरी करणाऱ्याच्या मनात एक ठाम समजूत तयार होते आणि तो कामात किती जीव ओततो हे पुष्कळसे तिच्यावर ठरते. पुढच्याच वर्षी मुचिन्स्की आणि मोनहन या दोघांनी जुळणीचे दोन प्रकार सांगितले. एक सारखेपणाची जुळणी : नवा माणूस आधीच्या माणसांसारखाच असतो, म्हणून तो जुळतो. दुसरी पूरक जुळणी : संस्थेत जे नाही ते नवा माणूस घेऊन येतो, म्हणून तो जुळतो. हा फरक लक्षात ठेवा. आपल्याकडच्या निवड समित्या तोंडाने ‘गुणवत्ता’ म्हणतात आणि व्यवहारात बहुतेक वेळा पहिलीच जुळणी शोधतात, असे माझे म्हणणे आहे.

या संशोधनातली अडचण अशी की प्रश्नावली भरून घेतात ती शिक्षकाकडून. तुम्ही इथे रुळलात का, तुम्हाला समाधान वाटते का, असे प्रश्न त्याला विचारतात आणि संस्था तेवढी जमिनीसारखी, हवेसारखी गृहीत धरतात. आपल्या देशात संस्था म्हणजे हवा नव्हे. तिच्या स्टाफरूममध्ये पाण्याचे भांडे असते आणि त्या भांड्याला जात असते. हे अलंकारिक बोलणे नाही, शब्दशः घडलेले आहे आणि ते आपल्या बाबासाहेबांच्याच बाबतीत घडलेले आहे. आपण बाबासाहेबांना घटनाकार, धम्मप्रवर्तक, लढवय्ये नेते म्हणून ओळखतो. ते नोकरी करणारे होते, पगारी प्राध्यापक होते, नंतर प्राचार्य होते आणि शेवटी स्वतः प्राध्यापक नेमणारे झाले, या बाजूकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. एकाच माणसाला चार वेगवेगळ्या संस्थांनी कसे वागवले आणि त्या-त्या ठिकाणी त्याच्या हातून काय काम झाले, हे ओळीने ताडून पाहण्याची अशी संधी दुसरीकडे मिळणे कठीण.

पहिली जागा बडोदा. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकले, पुढे लंडनला गेले आणि शिष्यवृत्तीच्या करारानुसार १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. त्या वेळी संस्थानाच्या कचेरीत त्यांच्याएवढा शिकलेला माणूस शोधून सापडला नसता. पण शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून फायली टाकत. कचेरीत त्यांना प्यायला पाणी मिळत नसे. राहायला घर मिळेना म्हणून पारशी नाव घेऊन ते एका पारशी सराईत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोड म्हणून धमकावून गेला. दोन मित्रांकडे आसरा मागितला, दोघांनीही टाळले. शेवटी बाबासाहेब एका सार्वजनिक बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात हे सगळे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

आता बडोद्याच्या दप्तराच्या नजरेने पाहा. नेमलेला उमेदवार थोड्याच दिवसांत नोकरी सोडून गेला. आजच्या भाषेत याला काय म्हणतील? रुळला नाही, टिकला नाही, ‘सुटेबल’ नव्हता. कामगिरीच्या रकान्यात शून्य! संस्थेने घर दिले नाही, पाणी दिले नाही, बसायला-बोलायला माणूस दिला नाही, याचा रकाना त्या दप्तरात नव्हता आणि आजच्या दप्तरातही नाही.

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण आपल्या कार्यकर्त्यांचा या बाबतीत गोंधळ होतो. सयाजीराव महाराज चांगले होते, यात शंका नाही. त्यांनी पैसे दिले, संधी दिली. पण वरच्या खुर्चीवरचा माणूस चांगला असणे आणि संस्थेचे पाठबळ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराजांचा सद्भाव शिपायाच्या हातापर्यंत, सराईच्या दारापर्यंत पोहोचला नाही. आजही एखादे कुलगुरू व्यासपीठावर समतेचे भाषण करतात, १४ एप्रिलला हार घालतात आणि त्याच विद्यापीठातल्या विभागप्रमुखाच्या खोलीत वेळापत्रक लावताना, पीएचडीचे विद्यार्थी वाटताना, संशोधन प्रकल्पात नावे घालताना जे घडायचे ते घडतच असते.

दुसरी जागा मुंबईचे सिडनहॅम कॉलेज. नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब तिथे राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार महिना ४५० रुपये. हे कॉलेज १९१३ साली सुरू झालेले, म्हणजे नवेच होते, आणि सरकारी होते. सुरुवातीला मुलांनी त्यांना फारसे मनावर घेतले नाही. अस्पृश्य माणूस आपल्याला काय शिकवणार, असा भाव. धनंजय कीरांनी चरित्रात लिहिले आहे की थोड्याच दिवसांत चित्र पालटले आणि त्यांची व्याख्याने ऐकायला दुसऱ्या कॉलेजांतले विद्यार्थीही परवानगी घेऊन येऊ लागले. त्याच कॉलेजात प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातले पाणी बाबासाहेबांनी पिऊ नये म्हणून काही गुजराती प्राध्यापकांनी हरकत घेतली. वर्गात जागा नाही म्हणून मुले दाटीने बसावीत आणि स्टाफरूममध्ये त्याच माणसाच्या पाण्याला हरकत असावी, हे दोन्ही एकाच इमारतीत, एकाच काळात.

मग बडोद्यात जे झाले नाही ते सिडनहॅममध्ये कसे झाले? जात दोन्हीकडे होती. फरक संस्थेच्या रचनेत होता. सिडनहॅममध्ये काम स्पष्ट होते, विषय त्यांचा होता, वर्गात त्यांच्या शब्दाला कोणाची आडकाठी नव्हती, ग्रंथालय होते, पगार वेळेवर होता आणि राहण्यासाठी मालकाच्या किंवा संस्थानाच्या मेहेरबानीची गरज नव्हती. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत त्यांचा संसार होता. म्हणजे अपमान होता, पण काम करायला लागणारी किमान चौकट शाबूत होती. तेवढ्यावर त्या माणसाने काय केले ते पाहा. १९१८ मध्येच भारतातल्या लहान शेतजमिनींच्या प्रश्नावरचा त्यांचा निबंध अर्थशास्त्राच्या नियतकालिकात आला. शेतीवर लोकसंख्येचा जो जादा भार आहे तो उद्योगधंद्यांकडे वळवल्याशिवाय नुसत्या जमिनी एकत्र करून भागणार नाही, ही त्यातली मांडणी आजही वाचण्यासारखी आहे. जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला. सरकारी कॉलेजात नोकरीला असल्यामुळे संपादक म्हणून स्वतःचे नाव घालता येत नव्हते, ते पांडुरंग भटकरांचे होते. मार्च १९२० मध्ये त्यांनी राजीनामा दिला, त्याच महिन्यात शाहू महाराजांच्या उपस्थितीत माणगावची परिषद झाली आणि जुलैमध्ये साठवलेले पैसे, महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन ते लंडनला अपुरा अभ्यास पुरा करायला निघाले.

दीड वर्षाचा हा हिशेब आजच्या कोणत्याही ‘परफॉर्मन्स इंडिकेटर’च्या तक्त्यात भरून पाहा. तक्ता अपुरा पडेल.

तिसरी जागा मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय. तिथे त्यांनी आधी काही काळ शिकवले होते. १ जून १९३५ रोजी ते प्राचार्य झाले. रमाईंचे निधन २७ मे रोजी झाले होते. म्हणजे मध्ये आठवडाही गेला नव्हता. १९३८ पर्यंत ते या पदावर होते आणि याच तीन वर्षांत काय काय घडले ते आठवा. १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा, १९३६ सालचे ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’, त्याच वर्षी स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना. हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर करणारा माणूस त्या दिवशी एका सरकारी कॉलेजचा प्राचार्य होता! कॉलेजचे कामही मागे पडलेले दिसत नाही. कायद्याच्या शिक्षणात कोणत्या सुधारणा हव्यात यावर त्यांनी १९३६ साली लेखही लिहिला. आज आपल्या तरुण प्राध्यापकांना कानाशी येऊन सांगितले जाते की चळवळ बाजूला ठेवा, नाही तर ‘अॅकॅडमिक’ प्रतिमा बिघडेल. १९३५ साली ब्रिटिश सरकारच्या कॉलेजला जे पचले ते आज आपल्याच करांवर चालणाऱ्या विद्यापीठांना का पचू नये?

बाबासाहेब विद्यापीठाबद्दल केवळ अनुभवातून बोलत नव्हते, त्यांची स्वतंत्र मांडणी होती. १९२४ साली मुंबई विद्यापीठ सुधारणा समितीने पाठवलेल्या प्रश्नावलीला त्यांनी सविस्तर उत्तरे दिली. नुसत्या परीक्षा घेऊन पदव्या वाटणारे विद्यापीठ हे विद्यापीठच नव्हे, असा त्यांचा रोख होता. कॉलेजात फक्त शिकवायचे आणि संशोधन मात्र विद्यापीठाच्या वरच्या विभागात करायचे, या विभागणीला त्यांचा विरोध होता, कारण त्यात दोन्ही कामे सुकतात. १९२७ साली मुंबई कायदे मंडळात विद्यापीठ विधेयकावर बोलताना सिनेटमध्ये मागासवर्गीयांना प्रतिनिधित्व हवे हा मुद्दा त्यांनी लावून धरला. शिक्षक चांगले काम करतो की नाही हे संस्था कशी बांधली आहे आणि तिच्या निर्णयाच्या टेबलावर कोण बसले आहे यावरून ठरते, हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी दिसत होते.

म्हणूनच चौथी जागा त्यांनी स्वतः उभी केली. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी, २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० मध्ये औरंगाबादला पुढे मिलिंद नाव मिळालेले महाविद्यालय. सिद्धार्थ कॉलेज आधी लष्कराच्या जुन्या बराकींत भरत होते. इमारत नव्हती तेव्हाही तिथे एक निर्णय झाला, तो म्हणजे नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग. दिवसभर गिरणीत, कचेरीत, रेल्वेत काम करणाऱ्या मुलाला पदवी घेता यावी म्हणून संस्थेने आपले वेळापत्रक वाकवले. विद्यार्थ्याने संस्थेशी जुळवून घ्यावे असे म्हणणाऱ्या काळात संस्था विद्यार्थ्याशी जुळवून घेत होती.

शिक्षक नेमताना त्यांनी काय केले? आपल्या लोकांना हे पुन्हा सांगण्याची गरज आहे, कारण विरोधक आरोप करतात की आंबेडकरी संस्था म्हणजे जातीच्या संस्था. सिद्धार्थचे पहिले प्राचार्य अश्वत्थामाचार्य गजेंद्रगडकर हे संस्कृतचे पंडित होते. भौतिकशास्त्र शिकवणारे मधू दंडवते होते, जे पुढे देशाचे रेल्वेमंत्री आणि अर्थमंत्री झाले. औरंगाबादला प्राचार्य म. भि. चिटणीस होते, त्यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले आणि नागसेनवनातल्या मुलांना लिहिते-बोलते केले. बाबासाहेबांनी ही माणसे आपल्यासारखी आहेत म्हणून घेतली नाहीत. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला जे हवे ते यांच्याकडे आहे म्हणून घेतली. मघाशी सांगितलेली पूरक जुळणी ती हीच. आणि नावे पाहा : मिलिंद म्हणजे प्रश्न विचारणारा राजा, नागसेन म्हणजे त्याला उत्तरे देणारा भिक्खू. कॉलेजला प्रश्नकर्त्याचे नाव आणि आवाराला उत्तर देणाऱ्याचे! शिक्षक-विद्यार्थी नात्याची एवढी नेमकी कल्पना मला दुसऱ्या कोणत्या परिसराच्या पाटीवर दिसलेली नाही.

त्या पाठबळाचे फळ एका पिढीत दिसले. फ्लोरिडाहून पीएचडी करून आलेले म. ना. वानखेडे मिलिंदमध्ये प्राचार्य झाले, गंगाधर पानतावणे तिथे मराठी शिकवत होते. तिथेच १९६७ च्या सुमारास ‘अस्मिता’ आणि मग ‘अस्मितादर्श’ उभे राहिले. मुंबईत वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहातून १९७२ च्या पँथरची पोरे बाहेर पडली. मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेली, घरात पाटी-पेन्सिल पहिल्यांदा पाहिलेली मुले आणि त्यांचे शिक्षक यांनी मराठी साहित्याची दिशा बदलली. ही सगळी माणसे १९५० साली दुसऱ्या एखाद्या नामांकित कॉलेजच्या मुलाखतीला गेली असती तर किती जण ‘योग्य’ ठरले असते?

हा प्रश्न कल्पनेतला वाटत असेल तर कुमुद पावडे यांचे उदाहरण घ्या. नागपूरच्या महार कुटुंबात १९३८ साली जन्मलेल्या या बाई संस्कृत घेऊन एम.ए. झाल्या, तेही प्रथम श्रेणीत. शाळेत गोखले गुरुजी नावाच्या कर्मठ वाटणाऱ्या शिक्षकाने त्यांना मनापासून संस्कृत शिकवले होते, हे त्यांनी कृतज्ञतेने नोंदवले आहे. पण पदवी हाती असूनही नोकरी मिळेना. अस्पृश्याच्या मुलीने संस्कृत शिकवावे ही गोष्ट मुलाखती घेणाऱ्यांच्या गळी उतरत नव्हती. पुढे आंतरजातीय विवाह झाला, सोमकुवर या आडनावाचे पावडे झाले आणि त्यानंतर थोड्याच काळात सरकारी महाविद्यालयात अध्यापनाची जागा मिळाली. पदवी तीच, गुण तेच, उच्चार तेच. बदलले ते फक्त आडनाव. १९८१ साली आलेल्या ‘अंतःस्फोट’मध्ये त्यांनी हे लिहिले, आणि ही जागा नेमकी कोणाला मिळाली, सोमकुवरला की पावडेला, हा सल त्यांनी लपवला नाही. २०२३ साली त्या गेल्या. संस्थेशी ‘जुळणे’ म्हणजे काय याची याहून स्वच्छ चाचणी कोणत्याही प्रयोगशाळेत करता आली नसती.

इथून पुढे हा इतिहास नियमांच्या भाषेत शिरतो. आडनाव विचारायची गरज राहत नाही, गणितच काम करते. प्राध्यापकांच्या जागांवर आरक्षण लावताना एकक कोणते धरायचे, पूर्ण विद्यापीठ की एकेक विभाग, हा वाद तुम्हाला तांत्रिक वाटेल. पण आकडे पाहा. अनुसूचित जातींना १५ टक्के म्हणजे सातव्या जागेला पहिला हक्क. अनुसूचित जमातींना साडेसात टक्के म्हणजे चौदाव्या जागेला. ओबीसींना २७ टक्के म्हणजे चौथ्या जागेला. विद्यापीठ हे एकक धरून २०० बिंदूंची नामावली चालवली तर सगळ्या विभागांच्या जागा एका रांगेत येतात आणि प्रत्येकाचा वाटा निघतो. विभाग हे एकक धरले की १३ बिंदूंची नामावली लागते, आणि ज्या विभागात सहाच जागा आहेत तिथे अनुसूचित जातीचा बिंदू येतच नाही. तेरा बिंदूंच्या नामावलीत आदिवासींचा बिंदू चौदावा! संस्कृत, तत्त्वज्ञान, भाषाशास्त्र, पाली अशा लहान विभागांची दारे यामुळे न बोलता बंद होतात.

२०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने विभाग हे एकक धरण्याचा निर्णय दिला, मार्च २०१८ मध्ये यूजीसीने तसे परिपत्रक काढले आणि २२ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धची याचिका फेटाळली. देशभरात जाहिरातींवर जाहिराती निघाल्या ज्यात राखीव जागा जवळपास दिसेनाशा झाल्या होत्या. ५ मार्च २०१९ चा भारत बंद त्यासाठी होता. दोन दिवसांनी अध्यादेश निघाला आणि जुलै २०१९ मध्ये संसदेने शिक्षक संवर्गातील आरक्षणाचा कायदा करून केंद्रीय शिक्षणसंस्थांत पूर्ण संस्था हे एकक ठरवले. आपण जिंकलेली ही अलीकडची लढाई आहे, तिचा उल्लेख आपल्या सभांमध्ये फार कमी होतो. त्या कायद्याच्या अनुसूचीत काही संस्था वगळल्या आहेत, हेही माहीत असू द्या. मुंबईतली टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि होमी भाभा राष्ट्रीय संस्था त्यात आहेत. ‘उत्कृष्टता’ आणि ‘राष्ट्रीय महत्त्व’ या कारणासाठी जिथे आरक्षण नको, तिथे आरक्षित माणूस उत्कृष्ट नसतो असेच गृहीत धरलेले आहे, दुसरा अर्थ मला तरी लागत नाही.

बिंदू मिळाला तरी मुलाखतीची खोली उरते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीने सहायक प्राध्यापकाच्या निवडीत शैक्षणिक गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते ठेवले आणि निवड केवळ मुलाखतीतल्या कामगिरीवर सोपवली. म्हणजे पीएचडीपर्यंतच्या शिक्षणाची सगळी वर्षे दाराबाहेर आणि दहा-पंधरा मिनिटांचे संभाषण आत. त्या संभाषणात उच्चार, इंग्रजीचा सूर, कोणाचा विद्यार्थी आहे, बसण्याची ढब, असल्या गोष्टी बोलतात. सारखेपणाची जुळणी तिथे आपोआप जिंकते. समितीत मागासवर्गीय प्रतिनिधी असावा असा नियम आहे, पण त्याला नेमतात कुलगुरू. तो खुर्चीवर असतो. बोलतो का, आणि बोलला तर इतिवृत्तात उमटते का, हा वेगळा प्रश्न. डिसेंबर २०२३ च्या शेवटी यूजीसीने राखीव जागा अनारक्षित करण्याची वाट दाखवणारा मसुदा हरकतींसाठी ठेवला आणि ओरड झाल्यावर जानेवारी २०२४ मध्ये असे काही होणार नाही असा खुलासा केला. मधला दुवा लक्षात घ्या : आधी ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ असे वर्षानुवर्षे लिहायचे, मग उमेदवारच मिळत नाहीत म्हणून जागा मोकळी करायची.

आणि जागा भरायचीच नाही हा तिसरा मार्ग महाराष्ट्रात सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तासिका तत्त्व. कायम जागा रिकामी ठेवून तासाच्या पैशांवर शिक्षक घ्यायचा. सुट्टीचा पगार नाही, आजारपणाचा नाही, उन्हाळ्यात काहीच नाही, पुढच्या जूनमध्ये पुन्हा मुलाखत. माझ्या कामाच्या वस्त्यांमध्ये नेट-सेट झालेली अशी मुले-मुली आहेत जी सकाळी एका तालुक्याच्या कॉलेजात दोन तास घेतात, दुपारी दुसऱ्या तालुक्यात, आणि संध्याकाळी शिकवण्या. त्यांना ग्रंथालयाचे कार्ड मिळत नाही, संशोधनाचे मार्गदर्शक होता येत नाही, स्टाफरूममध्ये खुर्ची कोणाची हे विचारून बसावे लागते. पाच-सात वर्षांनी हेच लोक कायम जागेच्या मुलाखतीला जातात तेव्हा समिती विचारते, तुमचे शोधनिबंध कुठे आहेत? बडोद्याच्या दप्तराचा हा थेट वारस आहे. काम करण्याचे साधन द्यायचे नाही आणि काम का झाले नाही म्हणून माणसाला नापास करायचे.

आपल्या संस्थांबद्दलही बोलले पाहिजे, कारण बाबासाहेबांचे नाव घेऊन चालणारी कॉलेजे आता पुष्कळ आहेत. तिथे तासिकावाल्याला महिनोन्‌महिने पैसे मिळत नसतील, निवडीत नातलग आणि देणगी चालत असेल, तर तिथला तरुण शिक्षक कोणत्या तोंडाने दुसऱ्या संस्थेला जाब विचारणार? सिद्धार्थच्या बराकींत पैसा कमी होता. तरी सकाळच्या वर्गाची सोय झाली आणि नामवंत शिक्षक टिकले.

आता ज्यांचे भाऊ, बहिणी, मित्र या भरतीच्या रांगेत आहेत त्यांच्यासाठी कामाची माहिती. बिंदुनामावली ही गुप्त वही नाही. राज्य विद्यापीठे आणि महाविद्यालयांची नामावली विभागीय आयुक्त कार्यालयातल्या मागासवर्गीय कक्षाकडून तपासून घ्यावी लागते. माहिती अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ६ खाली अर्ज करता येतो, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा, म्हणून सगळे एकाच अर्जात कोंबू नका. एका अर्जात प्रमाणित बिंदुनामावलीची प्रत मागा. दुसऱ्यात निवड समितीच्या बैठकीचे इतिवृत्त आणि उमेदवारनिहाय गुण. तिसऱ्यात गेल्या पाच वर्षांत ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ असा शेरा किती राखीव जागांवर पडला, विभागवार, आणि त्याच जागेवर त्या काळात तासिका तत्त्वावर कोणी शिकवले याची यादी. मुलाखत घेणाऱ्यांची नावे बहुधा नाकारली जातील, सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा तसा निकाल आहे. त्यावर वेळ घालवू नका. सुरुवात नामावलीपासून करा, आणि तिच्यावर मागासवर्गीय कक्षाची सही जाहिरात निघण्याच्या आधीच्या तारखेची आहे की नंतरच्या, ते सगळ्यात आधी पाहा.

जय भीम.